लाँचमधल्या बाईचा चेहरा

१

लाँचमधल्या बाईचा चेहरा नाहीसा झालाय, हे पहिल्यांदा माझ्या बायकोला दिसलं.

सकाळचे सहा वाजून गेले होते. गोदावरीवरून वारा सुटला होता आणि नदीकाठच्या बागेत आम्हा म्हाताऱ्यांची पलटण फेऱ्या मारत होती. तायारू माझ्यापुढे चार पावलं चालते, लग्नापासून. ती एकदम थांबली.

"अहो, तिचं तोंड कुठे गेलं?"

"कुणाचं?"

"माझ्या सासूचं! अहो, भिंतीवरच्या बाईचं."

मी चष्मा पुसून पाहिलं. भिंतीवर लाँच होती, लाँचमधली माणसं होती, मधोमध निळ्या साडीतली ती बाईही होती. पण तिच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी बशीएवढा गोल खड्डा होता.

सीतारेवू हे आमचं गाव राजमुंद्रीच्या खाली, नदी फुटून बेटं सुरू होतात तिथलं. पूल व्हायच्या आधी पलीकडे जायला लाँच हाच मार्ग, आणि धक्क्यावरच्या खिडकीत तिकिटं फाडायला मी, सूर्यप्रकाशम. पूल झाला, लाँच भंगारात गेली, मी पालिकेच्या पाणीखात्यात गेलो. त्या दिवसांचं काही उरलंय असं मला वाटत नव्हतं.

आणि मग बारा वर्षांनी येणारं गोदावरीचं पुष्करम जवळ आलं, बागेची साफसफाई निघाली, बांधाच्या भिंतीवर माजलेली मधुमालती कापली गेली. फिरता फिरता एके सकाळी मी माझ्याच लाँचसमोर येऊन उभा राहिलो! शाळेतल्या पट्टाभि मास्टारूंनी छत्तीस वर्षांपूर्वी केलेलं ते चित्र. सिमेंटची उठावदार माणसं, आणि साड्यांच्या जागी गावानं दिलेल्या फुटक्या कपबश्यांचे, बांगड्यांचे तुकडे. वेलीखाली ते शाबूत आहे हे आम्ही सगळे विसरून गेलो होतो.

दह्याचं मडकं घेतलेली रावुलम्मा, काखेत कोंबडा मारलेला न्हावी, तपकीर ओढणारा पोस्टमन. वीस चेहरे मी धडाधड ओळखले. तिकीट घेताना माणूस मान वर करून बघतो, तो चेहरा विसरता येत नाही. एकविसाव्या चेहऱ्यापाशी, त्या निळ्या साडीतल्या बाईपाशी, मी अडलो. मागून पुतण्याच्या वयाचं कुणीतरी म्हणालं, "अहो बाबाई, ती दोरांची राज्यम!"

"हो की," मी म्हणालो. "नाक जरा बसकं झालंय मास्टारूंच्या हातून."

राज्यम म्हणजे गावच्या दोरांची, जमीनदारांची, मुलगी. मास्टारू भिंतीचं काम करत होते त्याच उन्हाळ्यात ती पहिल्या लाँचनं पलीकडे गेली आणि परत आली नाही. कुणाचा हात धरून गेली यावर गावानं चार-पाच नावं ठरवली होती. तिच्या वडिलांनीच भिंतीवर वेल सोडून घेतली, असंही म्हणायचे.

पुढचे आठ दिवस सगळा गाव भिंतीशी लोटला. नातवंडांना आजोबा दाखवले गेले. बागेचा माळी अब्बुलू रोज ओली पोती लावून चित्रावरचं शेवाळ सैल करत होता, लोक त्याला शाबासकी देत होते. ठेकेदार सत्तिबाबूला त्या भिंतीवर टाइल्स बसवायच्या होत्या, म्हणून गावानं पालिकेकडे अर्ज केला. सोमवारी निकाल होता.

आणि आज शुक्रवारी ही बाई बिनतोंडाची. फुटकं चित्र कोण कशाला ठेवेल?

"सत्तिबाबूचा हातोडा चालला," पलटणीतलं कुणीतरी म्हणालं.

"नाही, दोरांच्या घरचा," दुसरा म्हणाला.

तायारू खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. "हातोडा कुणाचाच चाललेला नाही," ती म्हणाली.

२

तायारू चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवत होती. शिवणाऱ्या बाईला जे कळतं ते देवळातल्या पुजाऱ्याला कळत नाही. गावात कुणाचं काही हरवलं तर बाया ठाण्यात जायच्या आधी तिच्या मशीनपाशी यायच्या. दोनदा तर फौजदारच आला होता.

"खाली बसा," तिनं मला फर्मावलं. "गवतात काय दिसतंय?"

"गवत."

"नीट बघा."

मी गुडघ्यांना शिव्या देत वाकलो. सिमेंटचा एक टवकाही नव्हता. होती ती चिमूटभर लाल भुकटी. आणि मुंग्या. खड्ड्यापासून गवतापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"भिंत काळ्या दगडाची, माणसं राखाडी सिमेंटची," ती म्हणाली. "मग लाल कुठून आलं?"

तिनं खड्ड्यात बोट घातलं, नाकाशी नेलं, मग खुशाल जिभेला लावलं.

"अगं, अगं!"

"चिंच," ती म्हणाली. भिंतीला चिकटलेला एक तपकिरी धागा तिनं नखानं काढून माझ्यापुढे धरला. चिंचेची शीरच होती ती.

"म्हणजे चोर इथे बसून चिंचेचं चारू उकळत होता म्हण की."

"तुमचं डोकं जेवणाच्या पलीकडे कधी गेलंय?"

तेवढ्यात अब्बुलू पाण्याची नळी ओढत आला. साठी उलटलेला, वाळक्या अंगाचा माणूस. तरुणपणी गवंडी होता, मास्टारूंच्या हाताखाली याच भिंतीवर खपला होता. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"अब्बुलू, तू कधी पाहिलंस रे हे?" तायारूनं विचारलं.

"मी काय बघणार, अम्मा? पाचला नळ सोडायला येतो तेव्हा अंधार. आणि आता मला उजेडसुद्धा अंधारासारखाच." तो जास्वंदीच्या आळ्यात पाणी सोडत राहिला.

"पोरगी आली ना कुवेतहून?"

"आली, अम्मा. सत्यवती आली. पुढच्या रविवारी परत जाणार. शेठाणीनं पुष्करमपर्यंत रजा दिली नाही."

तो नळी ओढत पुढे गेला. तायारू बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "चला. आधी सत्तिबाबूकडे."

३

सत्तिबाबू बागेच्या दुसऱ्या टोकाला टाइल्सच्या खोक्यांवर बसून इडली खात होता. तायारूला तो मावशी मानतो; आम्हाला बघताच त्यानं दोन्ही हात वर केले. एका हातात चटणीची वाटी होती.

"पिन्नीगारू, आईशप्पथ, मी नाही!"

"मी कुठे काय विचारलं?" तायारू म्हणाली.

"सकाळपासून सगळा गाव विचारतोय. आमची बायकोसुद्धा फोन करून म्हणाली, मेल्या, बाईचं तोंड फोडलंस? हिच्या आजोबांचा चेहरा आहे ना तिथे, कोंबडेवाला. मी भिंतीला हात लावला तर ही मला जेवायला घालेल का?"

"तुझ्या टाइल्सवर काय आहे रे?"

त्यानं अभिमानानं खोकं उघडलं. निळ्या पाण्यातून उड्या मारणारे हसरे डॉल्फिन.

"गोदावरीत डॉल्फिन?"

"समुद्र किती लांब आहे, पिन्नीगारू? येतील एखाद्या दिवशी."

"तुझ्याकडची छिन्नी दाखव."

त्यानं मुकाट्यानं पिशवी ओतली. जाडजूड, टोकं बोथट झालेल्या छिन्न्या, एक यंत्राची करवतही. तायारूनं एकच छिन्नी हातात घेतली आणि परत ठेवली.

"असल्या हत्यारानं हे काम होत नाही. बरं, एक सांग. चेहरा तोडायचाच असता तर एकच तोडला असतास?"

"एक कशाला, पिन्नीगारू? तोडायचंच तर रविवारी यंत्र लावून अख्खी भिंत झोडली असती आणि म्हटलं असतं, चुकून झालं." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्यानं जीभ चावली.

परत येताना तायारू हसत होती. "खरं बोलला गाढव. ज्याला चित्र नको असेल तो एक तोंड काढून थांबणार नाही. एकच चेहरा नेला त्याला तोच चेहरा हवा होता."

"किंवा तोच नको होता," मी म्हणालो. "चक्रधररावगारू गेले आठ दिवस रोज सकाळी भिंतीसमोर उभे असतात. मी स्वतः पाहिलंय. हातात काठी, आणि नजर त्या बाईवर."

चक्रधरराव म्हणजे राज्यमचा थोरला भाऊ, देवस्थानाचे अध्यक्ष. सहसा कुणी त्यांच्या दारात जात नाही.

"मग त्यांच्याकडेच जायचं," तायारू म्हणाली.

४

आम्हाला ओसरीवर बसवलं, ताक आलं. चक्रधरराव समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. पंचाहत्तरीचे असतील, पण त्यांच्यापुढे मला अजूनही खिडकीत उभं राहून तिकीट फाडल्यासारखं वाटतं.

"गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दोरांनी घराण्याची लाज पुसली. तुम्हीही तेच विचारायला आलात?"

"नाही, बाबूगारू," तायारू म्हणाली. "तुम्ही रोज भिंतीपाशी कशाला जात होता, ते विचारायला आले."

आतून कुणीतरी पंख्याचं बटण दाबलं. तो कुरकुरत फिरू लागला.

"तोडायला गेलो होतो," अखेर ते म्हणाले. "पहिल्या दिवशी काठी घेऊन तोडायलाच गेलो होतो. उभा राहिलो आणि बघतच राहिलो." त्यांचा आवाज खाली आला. "नान्नागारूंनी, आमच्या वडिलांनी, तिचा एकेक फोटो जाळला, तायारम्मा. माझ्या लग्नाच्या फोटोतून तिला कात्रीनं कापलं. छत्तीस वर्षांत तिचा चेहरा माझ्या मनातूनसुद्धा पुसत गेला. भिंतीवर बघितला तर मला ओळखता येईना. स्वतःची बहीण मला ओळखता येईना! म्हणून रोज जायचो. वाटायचं, आज ओळखू येईल."

मी खाली बघत ताक पीत राहिलो.

"कुणी नेला असेल तो असो," ते म्हणाले. "मला पोलीस नको, बोभाटा नको. तेवढा चेहरा मला परत आणून द्या."

तायारू उठली. इतक्या वर्षांत मी तिला अशी हळवी झालेली दोन-तीनदाच पाहिली असेन. फाटकाबाहेर आलो तशी ती रस्त्याच्या कडेला चिंचेच्या सावलीत थांबली.

"अहो, त्यांना बहीण ओळखता आली नाही. तुम्हालाही नाक बसकं वाटलं. दोघांचंही बरोबर होतं."

"म्हणजे?"

"ती राज्यम नव्हतीच."

५

तिनं माझ्यापुढे मुगाचा पेसरट्टू आदळला आणि दुपारभर मशीनसमोर नुसती पाय हलवत बसली. चारच्या चहाला तिनं तोंड उघडलं.

"मी तोंडं बघून माणसं ओळखत नाही. ती तुमची विद्या. मी खांदे बघते. राज्यमचे ब्लाउज मी शिवलेत, तिचे खांदे तराजूसारखे सरळ. भिंतीवरच्या बाईचा डावा खांदा वर आहे आणि उजवा दोन बोटं खाली. असे खांदे दोरांच्या घरात होत नाहीत. पोरवयापासून एकाच हातानं घमेलं उचलणाऱ्या बाईचे असे होतात."

"मजूर बाई?"

"लाँचमध्ये किती चेहरे तुम्ही ओळखलेत?"

"वीस."

"आणि एकविसाव्याला अडलात. का? तिनं तुमच्याकडून तिकीट कधी घेतलंच नाही. तिला पलीकडे जायचं कामच नव्हतं. ती अलीकडेच, त्या भिंतीशीच, दिवसभर राबत होती."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. मास्टारूंच्या हाताखाली दोनच माणसं होती. गवंडी अब्बुलू, आणि त्याची नवी नवरी.

"रत्नम," मी म्हणालो.

"रत्नम. शहाऐंशीच्या पुरानंतरच्या तापात गेली. सत्यवती तेव्हा आठ महिन्यांची होती." तायारूनं बशीतला चहा संपवला. "आता लाल भुकटी. बाकी चेहरे सिमेंटचे, भिंतीत एकजीव. हा एकच भाजलेल्या मातीचा, वेगळा करून चुन्यानं बसवलेला. अब्बुलू जातीचा कुंभार, गवंडीकाम नंतर शिकला. आणि चुना कशानं सुटतो?"

"चिंचेनं," मी म्हणालो. पितळेच्या घागरीत साचलेला पाण्याचा चुना चिंचेनं कुणी घासला नाही?

"एका रात्रीत सुटत नाही. आठ-आठ दिवस चिंचेच्या कोळात भिजवलेलं फडकं दाबून ठेवावं लागतं. भर बागेत, सगळ्या गावासमोर. असं कोण करू शकतं, की ज्याला कुणी हटकणार नाही?"

ओली पोती. लोक त्याला शाबासकी देत होते. मीही दिली होती.

"आणि सकाळी," ती म्हणाली, "बागेत येणारा प्रत्येक माणूस आधी त्या खड्ड्याकडे बघत होता. एकट्या अब्बुलूनं तिकडे मान वळवली नाही."

"पण का, तायारू? चेहरा तिथे होता, त्याला रोज दिसत होता…"

"तेच त्याला विचारायचंय," ती चपला शोधत म्हणाली. "आणि तुम्ही तिथे तोंड उघडायचं नाही."

६

पंपघराच्या मागे अब्बुलूची खोली आहे. दारात त्याची सत्यवती भाजी निवडत होती. आम्हाला बघून ती उठली, आणि उठताना तिनं पदर ज्या तऱ्हेनं खोचला ते बघून मी चष्मा सावरला. नाक बसकं. हाच चेहरा मी आठ दिवसांपूर्वी भिंतीवर पाहिला होता, आणि हिला लहानपणापासून ओळखूनही मला तो ओळखता आला नव्हता.

अब्बुलू बाजेवर बसला होता. तायारू त्याच्या शेजारी जाऊन टेकली.

"सुटताना दुखावला नाही ना रे कुठे?"

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "हनुवटीचा टवका उडाला, अम्मा. एवढासा."

"नान्ना, काय झालं?" सत्यवती म्हणाली.

बाजेखालून त्यानं तांदळाचं पोतं ओढलं. आत जुनी साडी, आणि साडीच्या घड्यांत तो चेहरा. विटकरी रंगाचा, तळहाताहून थोडा मोठा. ओठ किंचित उघडे, काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे.

"मास्टारूंचा हात शेवटी थरथरायला लागला होता," अब्बुलू म्हणाला. "म्हणाले, अब्बुलू, ही एक बाई तू कर. रत्नमला समोर उभी करून त्यांनी अंग केलं होतंच. मला सिमेंटात चेहरा येईना. मग माती मळली. ती सारखी हसायची, गप्प बस म्हटलं तरी बोलायची. म्हणून तोंड उघडं राहिलं." त्यानं अंगठा त्या ओठांवरून फिरवला. "लोक म्हणाले दोरांची लेक. मी म्हटलं असतं माझी बायको, तर हसले असते ना, अम्मा? मग वेल आली. बरंच झालं वाटलं."

"आणि आता?"

"आता सत्तिबाबूच्या टाइल्स आल्या. आणि ही पुढच्या रविवारी जाणार. लहानपणापासून विचारते, अम्मा दिसायची कशी? मी म्हणायचो, तुझ्यासारखी. फोटो नाही, काही नाही. माझे डोळे जाताहेत. मला वाटलं, भिंत झाकायच्या आत एकदा हिच्या हातात द्यावी. पण सगळा गाव राज्यम, राज्यम म्हणत होता. ही म्हणाली असती, नान्ना वेडा झाला."

सत्यवतीनं भाजीचे हात पदराला पुसले. चेहरा दोन्ही हातांत घेतला. तिनं नाक चाचपलं, मग स्वतःचं चाचपलं. पुन्हा त्याचं. आणि एवढी परदेशात राहून आलेली बाई भोकाड पसरून रडायला लागली.

मला तोंड उघडायची बंदी होती. मी बाहेर जाऊन पंपघराचा आवाज ऐकत उभा राहिलो.

निघताना तायारू म्हणाली, "हिच्यासाठी ठेव हवा तर. मी कुणाला सांगणार नाही."

अब्बुलूनं मान हलवली. "नको, अम्मा. ती राबली त्या भिंतीसाठी. तिथेच राहू दे. पण दोन दिवस द्या. मी यावरून मातीचा साचा घेतो. त्यातून काढलेला एक चेहरा हिच्या पेटीत जाईल."

७

शनिवारी सकाळी आम्ही चक्रधररावांना भिंतीपाशी बोलावलं. तायारूनं त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. "गवंड्याची बायको," ते म्हणाले. "आणि मी आठ दिवस तिच्यापुढे…" मला भीती वाटली, आता भडकतात. पण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "म्हणजे राज्यम कुठेच नाही."

"आहे," तायारू म्हणाली. "काल संध्याकाळी शोधली. इथे या."

लाँचच्या अगदी पुढच्या टोकाला सगळ्यांकडे पाठ करून एक मुलगी उभी होती. तिला चेहराच नव्हता, म्हणून मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. लांब वेणी, काखेत गुंडाळीसारखं काहीतरी, आणि तोंड पलीकडच्या तीराकडे.

"पाठीवरचा गळा बघा, पानाच्या आकाराचा," तायारू म्हणाली. "त्या उन्हाळ्यात गावात एकीनंच तसा शिवून घेतला होता. आणि खांदे तराजूसारखे."

चक्रधररावांनी काठी टाकून दिली आणि त्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. छत्तीस वर्षं मी जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडातून गेलं.

"बाबूगारू, ती कुणाबरोबर गेली नाही. तिनं माझ्याकडून एकच तिकीट घेतलं."

तायारूनं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो.

"एकच?"

"एकच. काखेत कागदांची गुंडाळी होती. मास्टारूंनी चित्रकलेच्या शाळेला पत्र लिहून दिलं होतं तिला. तुमच्या वडिलांचा माणूस तासाभरानं आला आणि म्हणाला, बरोबर कोण होतं सांग. मी म्हटलं, गर्दीत बघितलं नाही. एकटी होती म्हटलं असतं तर पुढच्या लाँचनं तिला ओढून आणली असती. कुणाचा हात धरून पळून गेलेल्या मुलीला कुणी परत आणत नाही, म्हणून गावाला हवं ते समजू दिलं. तिचं नाव खराब झालं ते माझ्यामुळे."

त्या पाठीवरचा हात न काढता त्यांनी विचारलं, "रडत होती का?"

"नाही, बाबूगारू. लाँच सुटायला एवढा उशीर का होतोय, म्हणून माझ्यावर डाफरत होती."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. एक घडी घातलेला, घड्यांवर फाटत आलेला कागद माझ्या हातात दिला. मच्छलीपट्टणचा पत्ता होता. आई गेली तेव्हा राज्यमनं पत्र पाठवलं होतं. सोळा वर्षांपूर्वी.

"उत्तर लिहायला हात गेला नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिच्यासाठी खोटं बोललात. आता माझ्यासाठी चार ओळी खऱ्या लिहा, सूर्यप्रकाशमगारू."

तिथल्याच बाकावर बसून मी लिहिल्या. तायारूनं शुद्धलेखन तपासलं.

८

सोमवारच्या बैठकीत चक्रधरराव स्वतः उठून बोलले. भिंत राहिली. अब्बुलूनं रत्नमचा चेहरा सगळ्या गावासमोर जागेवर बसवला आणि तिचं नाव मोठ्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. सत्तिबाबूचे डॉल्फिन मुलांच्या हौदाकडे गेले, आणि खरं सांगायचं तर तिथे ते छान दिसतात. सत्यवती कुवेतला गेली तेव्हा पेटीतले कपडे काढून तिनं साच्यातल्या चेहऱ्याला जागा केली होती.

पुष्करमच्या तिसऱ्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही बागेत बाकावर बसलो होतो. फाटकातून एक पांढऱ्या केसांची, बॉबकट केलेली बाई आली. सुती साडी, खांद्याला झोळी. मी तिला बघितलं आणि ओळखलं. तायारूनंही ओळखलं, अर्थात माझ्याआधी.

चक्रधरराव तिच्या मागे दोन पावलं होते. त्यांना जवळ यावं की नाही ते कळत नव्हतं. ती भिंतीसमोरून सावकाश चालत गेली. रत्नमपाशी थांबली, मान झुकवली. मग पुढच्या टोकाशी गेली आणि स्वतःच्या पाठीकडे बघत उभी राहिली. चित्रकलेची शिक्षिका होती ती, आयुष्यभर पोरांची चित्रं तपासत आलेली. चष्मा वर करून तिनं पाहिलं.

"मास्टारूंनी वेणी भलतीच जाड केलीय," ती म्हणाली.

मागून चक्रधररावांचा घोगरा आवाज आला.

"होतीच तेवढी. ओढायचो तेव्हा माझ्या मुठीत मावायची नाही."

ती वळली.